चरणजित सिंग यांचे दहा राग



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते पेटीवादक होते. गाणाऱ्याच्या डाव्या अंगाला बसून त्यांनी हयात घालवली. त्यांच्या नावाच्या व्यासपीठावर बोलायचे तर एखाद्या साथीदाराबद्दलच बोलावे, असे मी ठरवले. आजचा साथीदार मैफलीतला नाही, मुंबईच्या सिनेमाच्या रेकॉर्डिंगमधला आहे. त्याचे नाव चरणजित सिंग. १९८२ साली एचएमव्हीने त्यांची एक एलपी काढली. ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ असे तिचे नाव. दोन बाजूंना पाच-पाच राग. भैरवी, ललित, भूपाळी, तोडी आणि मधुवंती. मग मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस आणि बैरागी. तबला नाही, तानपुरा नाही, गाणारा गळा नाही. तीन जपानी यंत्रे आणि ती चालवणारा एक माणूस.

ती तबकडी त्या वेळी चालली नाही. वीस वर्षे ती जुन्या रेकॉर्डच्या दुकानांत पडून राहिली. आज जगभर तिचे नाव घेतले जाते, पण ते एका वेगळ्याच कारणासाठी, आणि ते कारण मला पटत नाही. या तबकडीची खरी थोरवी कुठे आहे ते शोधण्याचा आज माझा प्रयत्न आहे.

आधी माणूस पाहू. साठच्या दशकापासून ऐंशीच्या दशकापर्यंत मुंबईत सिनेसंगीताची जी मोठी वाद्यवृंद-परंपरा होती, तिच्यात चरणजित सिंग वाढले. शंकर-जयकिशन, सचिनदेव बर्मन, राहुलदेव बर्मन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्या रेकॉर्डिंगला त्यांनी वाजवले. गिटार, बेस गिटार, स्टील गिटार आणि कळफलकाची वाद्ये, जे हाती येईल ते. ट्रान्झिकॉर्ड नावाचे एक वाद्य त्यांच्या नावाशी विशेष जोडले गेले. दिसायला अकॉर्डियन, पण आत भात्याच्या हवेऐवजी वीज. १९७१ च्या ‘हरे रामा हरे कृष्णा’मधले ‘दम मारो दम’ आठवा. गिटारबरोबर सुरुवातीला जो घुमत राहणारा सूर ऐकू येतो, तो त्यांच्या ट्रान्झिकॉर्डचा. आपल्यापैकी प्रत्येकाने चरणजित सिंग ऐकलेले आहेत. त्यांचे नाव मात्र बहुतेकांच्या कानांवर पडलेले नाही, कारण तबकडीच्या वेष्टनावर वादकांची नावे छापण्याची रीतच नव्हती.

त्या जगाची शिस्त समजून घेतली पाहिजे. सकाळी ताडदेवच्या फिल्म सेंटरमध्ये किंवा वांद्र्याच्या मेहबूबमध्ये पोचायचे. संगीत-संयोजकाने लिहून आणलेले नोटेशन समोर ठेवायचे, दोन-चार तालमी करायच्या आणि टेक द्यायचा. एकाची चूक झाली तर साऱ्या वाद्यवृंदाने पुन्हा वाजवायचे. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा, चिक चॉकलेट या गोव्याच्या मंडळींनी ही पद्धत घडवली. नोटेशन लिहिणे-वाचणे त्यांच्याकडे गावातल्या चर्चच्या संगीतशाळेतून आले होते. अशा ठिकाणी नवे वाद्य म्हणजे नवे काम. ज्याच्याकडे इतरांकडे नसलेला आवाज, त्याला बोलावणे आधी. कॅर्सी लॉर्ड यांनी सत्तरच्या दशकात मूग सिंथेसायझर मुंबईत आणला तो याच वातावरणात. यंत्राबद्दल तिथे ना भीती होती ना भक्ती. ते गाण्यात बसते का, एवढाच प्रश्न असे.

याच सुमारास, खरे तर थोडे आधीच, अहमदाबादला दुसरा एक प्रयोग होऊन गेला होता. १९६९ साली राष्ट्रीय डिझाइन संस्थेत अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मूगचा स्टुडिओ उभारला. गीता साराभाई, अतुल देसाई, जिनराज जोशीपुरा, एस. सी. शर्मा, आय. एस. माथुर अशा काही जणांनी तिथे ध्वनिफिती तयार केल्या. काही वर्षांत ते सगळे थांबले आणि त्या फिती कपाटात गेल्या. मुंबईच्या वादकांचा त्याच्याशी संबंध आला नाही. भारतात विद्युत-संगीताची पहिली बीजे तिथे पडली हे खरे, पण चरणजित सिंग यांची वाट रेकॉर्डिंगच्या शिफ्टमधून आली आहे.

आता यंत्रे. ती त्यांनी सिंगापूरहून आणली. तिन्ही जपानच्या रोलँड कंपनीची. पहिले टीआर-८०८, तालयंत्र. त्यावर एका ओळीत सोळा कळा असतात. ज्या कळेवर ठोका हवा ती दाबायची, दिवा लागतो, आणि ती सोळा घरे पुन्हा पुन्हा फिरत राहतात. दुसरे टीबी-३०३, बेसचे छोटेसे यंत्र. तादाओ किकुमोतो यांनी ते घडवले. एकट्याने गिटार वाजवणाऱ्याला साथीला बेस मिळावा, हा त्यामागचा हेतू. म्हणजे जन्मानेच ते साथीचे यंत्र! तो हेतू मात्र फसला. आवाज खऱ्या बेस गिटारसारखा येईना, सूर भरण्याची रीत किचकट. १९८१ ला बाजारात आले आणि १९८४ ला बंद झाले. सुमारे दहा हजार नग तेवढे निघाले. तिसरे ज्युपिटर-८, एका वेळी आठ सूर वाजवू शकणारा मोठा आणि महागडा सिंथेसायझर.

वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्ये एकमेकांशी जोडण्याची मिडी ही सामायिक पद्धत १९८३ मध्ये आली. त्याआधी यंत्रांना एका लयीत बांधायचे तर तारा जोडून एकाचे स्पंद दुसऱ्याला द्यावे लागत. ८०८ हे मुख्य. त्याच्या स्पंदावर ३०३ चालते आणि ज्युपिटरचा आर्पेजिएटरही, म्हणजे दाबून धरलेले सूर एकामागून एक आपोआप वाजवणारी सोय, बाहेरून आलेल्या स्पंदावर चालवता येते. चरणजित सिंग घरी बसून या जोडणीचा सराव करत. त्या काळात मुंबईत याबाबत विचारायला तरी कोण होते? त्यांनी हे स्वतःच शोधून काढले.

आणि कल्पना? ती त्यांनी नंतर मुलाखतींत फार साधेपणाने सांगितली. सिनेमात तेव्हा डिस्को फार होते. १९८० मध्ये ‘कुर्बानी’ आला, नाझिया हसन आणि बिड्डू यांचे गाणे गल्लोगल्ली वाजले. १९८२ सरता सरता ‘डिस्को डान्सर’ आला. तर त्यांच्या मनात आले की डिस्कोचाच ठेका घ्यावा, वर राग वाजवावेत आणि तबला बंद करावा. तबला बंद करणे हे ते सहज बोलून गेले. माझ्या मते या तबकडीतला सर्वांत धाडसी निर्णय तोच आहे.

तबला काढला की काय जाते? आवाज जातो हे उघड आहे. पण त्याहून मोठी गोष्ट जाते ती खाली. त्रितालाच्या सोळा मात्रा आपल्याला पाठ आहेत. नवव्या मात्रेला खाली येते, मग डग्ग्याचा घुमारा थांबतो, ठेका क्षणभर हलका होतो आणि तो पुन्हा भरू लागला की गाणाऱ्याला कळते, सम आता लांब नाही. आवर्तनाला पुढची आणि मागची बाजू मिळते ती या खाली-भरीमुळे. आता ८०८ कडे पाहा. त्याचीही घरे सोळाच. त्याच्या सोळा घरांत डिस्कोचे चारच ठोके बसतात, तेव्हा हे घर म्हणजे आपली मात्रा नव्हे. वेग निराळा, मोजमाप निराळे. तरीही दोन्ही तक्ते शेजारी ठेवून पाहा. डिस्कोत मोठा ढोल पहिल्या, पाचव्या, नवव्या आणि तेराव्या घरावर पडतो, चारही वेळा सारख्याच वजनाने. त्रितालात जिथे खाली येते त्याच नवव्या घरात इथे ढोल पूर्ण जोराने वाजतो. खाली नाही, म्हणून भरीही नाही. समेचा मान उरत नाही.

शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्या कानाला इथे पहिला धक्का बसतो. मला तो बसला आणि पुष्कळ दिवस मी या तबकडीपासून लांब राहिलो. पुढे लक्ष गेले ते बेसकडे. आवर्तन तिथे आहे. ३०३ मध्ये रागाचे स्वर भरून ठेवलेले आहेत. ती ओळ खालून वर जाते, परत येते, पुन्हा जाते. ढोल फक्त काळ मोजतो आणि फेरा पुरा झाल्याची जाणीव स्वरांची ओळ देते. तालाचे काम स्वराकडे आले आणि तानपुऱ्याचे काम त्याच ओळीने जाता जाता उचलले, कारण रागाबाहेरचा स्वर तिच्यात येतच नाही. रागाची जमीन सतत पायाखाली सरकत राहते. आपल्या संगीतात या दोन गोष्टी, आधारस्वर आणि ठेका, दोन वेगळ्या माणसांकडे असतात. त्या एका बेसच्या ओळीत एकत्र आणणे ही रचनेतली कल्पकता आहे आणि ती आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाण्याला खालून आधार देणाऱ्या वादकाला सुचावी, हे मला अगदी स्वाभाविक वाटते.

दुसरा आक्षेप स्वरांचा. सिंथेसायझरचे स्वर समान अंतरांवर ठोकलेले असतात. तोडीचा अतिकोमल गंधार त्यावर कुठून आणणार? स्वरातून स्वरात घसरत जाणारी मींड कुठून आणणार? या सभागृहात हा आक्षेप कुणाला नवा नाही. पेटीवर हाच आक्षेप घेऊन १९४० साली आकाशवाणीने तिला बाहेर ठेवले आणि अनेक वर्षे बाहेरच ठेवले. महाराष्ट्राने त्याला वाद घालून उत्तर दिलेच, पण मुख्यतः उत्तर दिले ते वादनातून. गोविंदराव टेंबे, पी. मधुकर, अप्पा जळगावकर, तुळशीदास बोरकर या मंडळींनी बोटांच्या हलक्या-जड दाबाने, कणस्वरांनी, भात्याच्या श्वासाने पेटीला बोलायला लावले. मींड निघत नाही हे मान्य करून मींडेचा भास निर्माण करण्याची एक स्वतंत्र कला त्यांनी उभी केली.

चरणजित सिंग यांच्या हातात वेगळी शिदोरी होती. ते स्टील गिटार वाजवत. स्टील गिटारवर पडदे नसतात, तारेवरून धातूची कांडी सरकवायची असते. या वाद्यावर ब्रिजभूषण काब्रांनी रागसंगीत किती खोलवर नेले ते आपण ऐकलेले आहे. व्हॅन शिपले यांच्यासारख्या वादकांनी याच जातीच्या विजेच्या गिटारवर सिनेमाच्या धून वाजवून तबकड्या खपवल्या. ज्या हाताला घसरण्याची सवय आहे तो हात ज्युपिटरच्या कळफलकाशी बसला की सूर कळेवर थांबू देत नाही. भैरवीच्या सुरुवातीला, ठोके पडण्याआधी, सूर जे वळत-वाकत येतात ते ऐका. कळांवर वाजवणाऱ्याचे ते मन नाही, तारेवर वाजवणाऱ्याचे आहे. ३०३ मध्येही घसरण्याची एक सोय आहे. दोन सुरांच्या मध्ये ती लावली की पहिला दुसऱ्यात वितळतो. पण ती दर वेळी तेवढ्याच वेळात घसरते, कमी नाही, जास्त नाही. मींडेचा प्राण असतो तिच्या वेगात, कुठे रेंगाळायचे आणि कुठे निसटायचे यात. यंत्राची घसरण ती नव्हे. म्हणून या तबकडीत रागाचे चलन सांभाळण्याची जबाबदारी बेसवर नाही, वर वाजणाऱ्या ज्युपिटरवर आहे.

ही विभागणी कुठे यशस्वी होते आणि कुठे नाही, तेही सांगितले पाहिजे. पाच स्वरांचे राग उत्तम जमले आहेत. कलावती मला सर्वांत आवडतो. सा, ग, प, ध आणि कोमल नी. या स्वरांमध्ये मोठी अंतरे आहेत आणि बेस त्या अंतरांवरून उड्या मारत गेला की राग लगेच उभा राहतो. मालकंस आणि बैरागी यांचेही तेच. भूपाळीत प्रश्न अवघड होतो. भूपाळी आणि देसकार यांचे स्वर तेच आहेत. एक गंधारावर जगतो, दुसरा धैवतावर. फिरत्या ओळीत प्रत्येक स्वराला सारखाच वाटा मिळत असेल तर राग नेमका कोणता? इथे वरची ओळच सोडवणूक करते आणि ती पुरेशी करते. तोडी मात्र मला कमी पडते. त्या रागाचे दुःख त्याच्या उतरलेल्या गंधारात आहे आणि समान अंतराच्या कळफलकावर ते सापडत नाही, हाताने कितीही वळवले तरी. ललितचे उलट. पंचम वर्ज्य आणि दोन मध्यम शेजारी-शेजारी, ही त्याची ठेवणच इतकी निराळी की यंत्राच्या थंड आवाजात ती अधिकच ठळक होते.

वेळेचा नियम त्यांनी बाजूला ठेवला आहे. पहाटेचा ललित, लगेच संध्याकाळची भूपाळी, मग सकाळची तोडी. आणि सुरुवात भैरवीने! आपल्याकडे भैरवी झाली की श्रोते चपला शोधू लागतात. मला यात बेफिकिरी दिसत नाही. साधारण पाच-पाच मिनिटांचे दहा तुकडे एका तबकडीवर मांडायचे तर मैफलीचा क्रम तिथे लागू पडत नाही. प्रत्येक राग आपापला वेगळा ऐकायचा. आणि सर्वांत ओळखीचा राग आधी ठेवला की अनोळखी आवाजाची पायरी ऐकणाऱ्याला सोपी जाते.

आता त्या प्रसिद्धीकडे वळतो. २००२ च्या सुमारास एडो बाउमन नावाच्या डच संग्राहकाला दिल्लीत ही तबकडी मिळाली. २०१० मध्ये ‘बॉम्बे कनेक्शन’ या आपल्या छोट्या कंपनीतर्फे त्यांनी ती पुन्हा काढली. युरोपातले लोक चकित झाले. हे जुने नसावेच, आजच्याच कुणा चलाख संगीतकाराने रचलेली थाप असावी, असेही काहींनी म्हटले. थक्क होण्याचे कारण असे की ३०३ च्या आवाजातून पुढे अॅसिड हाउस नावाचा नृत्यसंगीताचा एक प्रकार जन्मला आणि त्याची मूळ तबकडी म्हणून शिकागोच्या फ्युचर या त्रयीची १९८७ ची ‘अॅसिड ट्रॅक्स’ ओळखली जाते. मुंबईची तबकडी तिच्या पाच वर्षे आधीची. झाले! अॅसिड हाउसचा जनक मुंबईत सापडला, अशा मथळ्यांनी बातम्या छापून आल्या. आपल्याकडेही त्या मोठ्या अभिमानाने फिरल्या.

हा किताब मी नाकारतो, त्यांच्यावरच्या प्रेमापोटी नाकारतो. पहिले कारण न्यायाचे. डीजे पिअर, स्पँकी आणि हर्ब जे ही शिकागोची कृष्णवर्णीय मुले. बाजारातून उठलेले, कुणाला नको असलेले ३०३ त्यांनी हाती घेतले आणि यंत्र चालू असताना त्याची बटणे फिरवत राहिले. सूर तेच, पण त्यांचा पोत किंचाळत, बुडत, उसळत बदलत राहिला. रॉन हार्डी यांनी म्युझिक बॉक्स या क्लबात ते एका रात्रीत पुन्हा पुन्हा वाजवले, तेव्हा कुठे लोक त्यावर नाचू लागले. त्या मुलांनी मुंबईची तबकडी ऐकलेली नव्हती. त्यांचा शोध त्यांचाच आहे. दुसरे कारण संगीताचे. अॅसिड हाउसमध्ये स्वर जवळजवळ गौण असतो, नाट्य सारे पोताच्या बदलात असते. चरणजित सिंग यांच्याकडे स्वर हाच सगळा विषय आहे. यंत्र तेच, पण प्रश्न अगदी उलटा. त्यांचा खरा पूर्वज शोधायचाच तर म्युनिकला जावे लागेल. जॉर्जो मोरोडर यांनी १९७७ मध्ये डॉना समरच्या ‘आय फील लव्ह’साठी मूगवर जो धावता, न थकणारा बेस बांधला, तिथून ही वाट निघते. डिस्को म्हणजे मुंबईने रोज ऐकलेले, रोज गाण्यांतून वाजवलेले संगीत. तेच त्यांनी घेतले आणि रागापुढे ठेवले.

कुणाच्या तरी आधी केले म्हणून एखाद्या कलाकृतीला मोठे म्हटले, की तिचे मोजमाप दुसऱ्याच्या घरी ठेवल्यासारखे होते. शिकागोने काही घडवलेच नसते तर ही तबकडी लहान ठरली असती काय? तिच्यात एक प्रश्न नेटाने विचारलेला आहे: ठेक्यातली खाली काढली, तानपुरा काढला, श्रुती काढल्या, तर रागातले काय उरते? उत्तरही तिच्यात आहे, दहा वेगवेगळी उत्तरे आहेत, काही भरीव आणि एक-दोन अपुरी. आपल्या संगीतसमीक्षेने हा प्रश्न १९८२ मध्ये ऐकायला हवा होता. तिने ऐकला नाही, कारण विचारणारा घराण्याचा गायक नव्हता, शिफ्टमध्ये वाजवणारा वादक होता.

उतारवयात त्यांना श्रोते मिळाले. योहान्स वेस्टरमन यांच्या साथीने त्यांनी युरोप-अमेरिकेत या रागांचे कार्यक्रम केले. त्यांच्या नातवंडांच्या वयाची मुले पुढे उभी राहून नाचली. जुलै २०१५ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले.

संयोजकांना आणि आपणा सर्वांना माझी एक विनंती आहे. मुंबईच्या या वादकांच्या हकिकती ग्रेगरी बूथ या अभ्यासकाने भेटी घेऊन, प्रश्न विचारून नोंदवल्या आणि २००८ मध्ये त्यांचे इंग्रजी पुस्तक केले. मराठीत इतक्या विस्ताराचे काम माझ्या पाहण्यात नाही आणि त्या वाद्यवृंदांत व्हायोलिन, ढोलकी, बासरी, संवादिनी वाजवणारी कितीतरी मराठी माणसे होती. त्यांतले काही आज ऐंशीच्या घरात आहेत; दादरला, गिरगावला, पुण्याला राहतात. कोणत्या गाण्यात कोणता तुकडा आपण वाजवला हे त्यांना अजून आठवते. व्याख्यानमालेच्या पुढच्या वर्षीच्या खर्चातून एक चांगला रेकॉर्डर घ्यावा आणि दोन तरुणांना त्यांच्याकडे पाठवावे.